फक्त एक फोन...

शुक्रवारची रात्र. ऑफिसातल्या एकाचा सेंड-ऑफ. पुढचं तुम्हाला सांगायला नको. केक, दोन भावुक भाषणं, बॉसचा ठरलेला पीजे आणि मग जवळच्या बारमध्ये 'थोडंसं बसणं'. मी दोनच बियर घेतल्या होत्या. (हे 'दोनच' प्रत्येकाचं असतं!) पाऊण वाजता गाडी काढली. मागे दोघं कलीग, गाण्यांचा आवाज फुल्ल, आणि हायवेला लागायच्या आत समोर नाकाबंदी.

बॅरिकेडपाशी एक कोवळा शिपाई उभा होता. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहानच असेल. "सर, गाडी साइडला घ्या." मशीन पुढे केलं. मी फुंकलो. त्याने आकडा पाहिला, मलाही दाखवला. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा. मी तिच्या बराच वर होतो. मागच्या सीटवरून कलीगने सराईतपणे पाचशेच्या दोन नोटा पुढे केल्या. त्या पोराने मान हलवली. "ते नको सर. केस होईल. कोर्टात भरावे लागतील." आवाजात माज नव्हता, की 'बोला, कसं करायचं?' वाली ती सुप्रसिद्ध चालही नव्हती.

मग मी तेच केलं, जे तुम्ही-आम्ही सगळेच करतो. मोबाइल काढला आणि काकांना लावला.

काका म्हणजे माझे सख्खे काका. पोलिसात शिपाई म्हणून लागले, हवालदार म्हणून रिटायर झाले. झोपेतून उठले, दोन मिनिटं ऐकून घेतलं, "कुठला नाका?" एवढंच विचारलं. दहा मिनिटांत बाजूच्या जीपमधल्या साहेबांचा फोन वाजला. साहेबांनी त्या पोराला बोलावलं, काहीतरी सांगितलं. त्याने परत येऊन माझं लायसन्स माझ्या हातात ठेवलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "जा सर."

सोमवारी ऑफिसात हा किस्सा मी तीनदा सांगितला. "आपली ओळख आहे, बॉस!" भरपूर हशा. आणि मग मी तो विसरूनही गेलो.

आठवला तो 'अर्धसत्य' बघताना.

काकांची अट

वीकएण्डला पोलिसांवरच्या वेबसीरिज एका बैठकीत संपवण्याचा मला छंद आहे. एका रविवारी काकांकडे गेलो होतो. पोहे खाता खाता 'सेक्रेड गेम्स'चं कौतुक सुरू केलं. काका शांतपणे म्हणाले, "आधी 'अर्धसत्य' बघ. माझ्यासोबत बघ. मग बोलू."

१९८३ चा सिनेमा म्हटल्यावर मी मनातल्या मनात जांभई दिली. पण काकांना नाही कोण म्हणणार? टीव्ही लावला. पुढचे दोन तास मी मोबाइलला हात लावला नाही. ज्यांच्या घरी रील्सचं व्यसन आहे त्यांना या वाक्याचं वजन कळेल!

सिनेमा हिंदी आहे. पण त्याच्या अंगात मराठी रक्त किती, ते बघा. मूळ कथा एस. डी. पानवलकरांची, 'सूर्य' नावाची. पटकथा विजय तेंडुलकरांची. नायक-नायिका वेलणकर आणि गोखले. कॉलेजात शिकवणारी ज्योत्स्ना गोखले म्हणजे स्मिता पाटील. ज्योत्स्ना नायकाला जी कविता वाचायला देते, ती दिलीप चित्र्यांची. आणि रामा शेट्टी नावाचा डॉन रंगवला होता नगरहून आलेल्या, मराठी रंगभूमीवर घडलेल्या सदाशिव अमरापूरकरांनी. मोजके सीन, कुठेही आरडाओरडा नाही, तरी त्यांना फिल्मफेअर मिळालं. दिग्दर्शन आणि कॅमेरा गोविंद निहलानींचा. ओम पुरींना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि १९८४ मध्ये थेट कार्लोव्ही व्हॅरी महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक.

पण पुरस्कारांची यादी बाजूला ठेवा. गोष्ट काय आहे?

हात तोच आहे

अनंत वेलणकर मुंबई पोलिसात सब-इन्स्पेक्टर. त्याला खरं तर पुढे शिकायचं होतं. वडील रिटायर्ड पोलीस, तापट, बायकोवर हात उगारणारे (अमरीश पुरींना बघून आजही धडकी भरते). त्यांनी पोराला जबरदस्तीने खाकी घालायला लावली. अनंत पैसे खात नाही. रामा शेट्टीच्या माणसांना पकडतो आणि दबाव आला तरी सोडत नाही. म्हणजे आपला टिपिकल हिरो.

झोपडपट्टीतला एक साधा माणूस तक्रार घेऊन येतो, की काही टपोरी त्याच्या बायकोला छळतात. अनंत त्या पोरांना उचलतो आणि लॉकअपमध्ये बेदम मारतो. मी सोफ्यावर पुढे सरसावून म्हणालो, "येस्स! असंच पाहिजे यांना."

काका काहीच बोलले नाहीत.

पुढे तासाभराने पडद्यावर दुसरा एक माणूस लॉकअपमध्ये असतो. हा टपोरी नाही, गुंड नाही. भुरटा चोर, रेडिओ चोरलेला. अनंत तेव्हा पार उसवलेला असतो. जीव धोक्यात घालून त्याने एक खतरनाक दरोडेखोर पकडला, आणि त्याचं श्रेय मिळालं वशिल्याच्या दुसऱ्याच ऑफिसरला. रात्री दारू. ज्योत्स्ना दुरावत चाललेली. तो सगळा राग त्या चोरावर निघतो. दुसऱ्याचं चोरतोस, दुसऱ्याच्या हक्काचं चोरतोस, असं ओरडत अनंत त्याला मारत सुटतो. चोर मरतो.

खोलीत शांतता. काकी आतून चहा घेऊन आल्या, त्याही दारातच थांबल्या.

काका माझ्याकडे वळले. "मघाशी काय म्हणालास? असंच पाहिजे? आता का गप्प? हात तोच आहे."

काय बोलणार? आमच्या ऑफिसात 'सिंघम' २०११ मध्ये आला तेव्हा 'आता माझी सटकली' हा अर्ध्या फ्लोअरचा रिंगटोन होता. पोलिसाची सटकली की थिएटरात शिट्ट्या पडतात. निहलानी आणि तेंडुलकरांनी ती शिट्टी आधी वाजवू दिली आणि मग तिचं बिल आपल्या हातात ठेवलं. खाकीतला भ्रष्टाचार म्हणजे फक्त टेबलाखालची नोट असं आपण धरून चालतो. कोठडीत हाताला लागेल त्याला झोडणं आपल्याला भ्रष्टाचार वाटतच नाही, उलट 'कडक ऑफिसर' वाटतो. अटक झालेल्या माणसाला कसं वागवायचं याचे नियम सुप्रीम कोर्टाला १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात घालून द्यावे लागले. पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही लावा, असं २०२० मध्ये पुन्हा बजावावं लागलं. सिनेमातला रेडिओ-चोर त्याच्या कितीतरी आधीचा आहे.

दोन फोन

आता खऱ्या गोष्टीकडे येतो. काकांनी रिमोट घेतला, सिनेमा मागे नेला आणि म्हणाले, "हा सीन तू नीट बघितलाच नाहीस."

ते टपोरी आठवतायत? ते निघतात आमदाराची माणसं. आमदाराला निवडणुकीत आणि सभांना पोरं लागतात ना! तो अनंतच्या सस्पेन्शनची मागणी करतो. अनंत म्हणतो, होऊ दे चौकशी, माझं काय चुकलंय? त्याचा वरिष्ठ हैदर अली (शफी इनामदार, काय काम केलंय!) त्याला समजावतो, की चौकशी एक तर वर्षानुवर्षं लोंबकळते, नाहीतर आधीच ठरलेली असते. मग उपाय? देसाई नावाचा एक मध्यस्थ. त्याची दिल्लीपर्यंत ओळख. देसाई सूत्रं हलवतो आणि प्रकरण मिटतं. अनंतची नोकरी वाचते.

हा सीन बघताना मला हायसं वाटलं होतं. सुटला बिचारा! प्रामाणिक माणूस वाचला, यात वाईट काय?

थोड्या वेळाने दुसरा प्रसंग. रामा शेट्टीचाच एक माणूस जाळून, मारून टाकून दिलेला अनंतला सापडतो. तो हॉस्पिटलात जबानी देतो, शेट्टीचं नाव घेतो. आता पुरावा आहे! अनंत तडक शेट्टीला अटक करायला जातो. शेट्टी जागचा हलत नाही. एक फोन लावतो. पलीकडे पोलीस खात्यातलाच वरचा साहेब. रिसीव्हर अनंतच्या हातात येतो आणि हुकूम मिळतो, निघ तिथून. शेट्टीला महापालिकेची निवडणूक लढवायची आहे. पुरावा हातात घेऊन अनंत रिकामा परततो.

इथे माझं रक्त खवळलं होतं. काय हा अन्याय!

"आता सांग," काका म्हणाले, "पहिल्या फोनात आणि दुसऱ्या फोनात फरक काय?"

मी गप्प. खरंच, फरक काय? दोन्ही वेळा कायदा बाजूला राहिला आणि ओळख जिंकली. दोन्ही वेळा कुणीतरी वरच्याने खालच्याला सांगितलं, सोड. फक्त पहिल्या वेळी आपला माणूस सुटला म्हणून ती मदत वाटली, आणि दुसऱ्या वेळी शेट्टी सुटला म्हणून तो भ्रष्टाचार. लाइन तीच आहे राव! ज्या तारेवरून अनंतची सुटका आली, त्याच तारेवरून त्याचा अपमान आला. आणि एकदा त्या तारेवरून स्वतःची सुटका करून घेतली, की शेट्टीचा फोन आल्यावर 'हा फोनच चुकीचा आहे' असं कुठल्या तोंडाने म्हणणार?

धर्मराज आठवा. अश्वत्थामा मेला, असं मोठ्याने सांगितलं आणि हत्ती मेला की माणूस, ते तोंडातल्या तोंडात. खोटं बोलला असं म्हणता येत नाही. पण जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ धपकन खाली आला. अनंतचा रथ शेट्टीने नाही खाली आणला. तो देसाईच्या वेळीच खाली आला होता. तेही पैशाने नाही, उपकाराने.

रथ खाली आल्यावर माणसाचं काय होतं, तेही सिनेमात फिरतंय. माइक लोबो नावाचा सस्पेंड झालेला इन्स्पेक्टर, दारूसाठी हात पसरणारा. नसीरुद्दीन शाह थोडाच वेळ दिसतो, पण अनंतला उद्याचा आरसा दाखवून जातो. शेवटी चोराच्या मृत्यूत अडकलेल्या अनंतला हैदर अली सांगतो, की आता फक्त शेट्टीच वाचवू शकेल. पुन्हा तेच! अनंत शेट्टीकडे जातो. शेट्टी तयार असतो, फक्त अनंतने त्याचं व्हायचं. अनंत त्याचा गळा दाबून जीव घेतो आणि स्वतः पोलिसांच्या स्वाधीन होतो. थिएटरात तेव्हा टाळ्या पडायच्या म्हणे. मला मात्र तो विजय वाटला नाही. शेट्टी गेला. फोन तिथेच राहिला.

काका तेव्हा कुठे होते?

"आम्ही लाइनीतली पाच-सहा पोरं गेलो होतो बघायला," काका सांगत होते. "साध्या कपड्यात, बरं का! सुटल्यावर लोक शिट्ट्या मारत बाहेर पडले. आम्ही चहा प्यायला बसलो आणि अर्धा तास कुणी बोललं नाही."

तो काळच तसा होता. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झालेला. त्याच महिन्यात वडाळ्यात मन्या सुर्वेचं एन्काउंटर झालं. आणि १८ ऑगस्ट १९८२ ला चक्क मुंबईचे पोलीस शिपाई रस्त्यावर उतरले, शहर पेटलं, आणि सरकारने त्यांची संघटना मोडून काढली. काका तेव्हा नोकरीत नवे होते. बरोबर वर्षभराने, ऑगस्ट १९८३ मध्ये, 'अर्धसत्य' लागला.

गंमत म्हणजे तेंडुलकरांनी हाच प्रश्न दहा वर्षं आधी पेशवाईत नेऊन विचारला होता. १९७२ चं 'घाशीराम कोतवाल' म्हणजे तरी दुसरं काय? कोतवालाची ताकद कोतवालाची नसते, नाना फडणविसाची असते. नानाला गरज आहे तोवर कोतवाल. गरज संपली की जमावाच्या हवाली.

"पण काका, कायदा काहीच नाही?" मी विचारलं. कायदा आहे. १९७७ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने राजकीय हस्तक्षेपावर बोट ठेवलं होतं. प्रकाश सिंग नावाच्या माजी पोलीस महासंचालकांनी सुप्रीम कोर्ट गाठलं आणि २२ सप्टेंबर २००६ ला कोर्टाने सात आदेश दिले. महत्त्वाच्या पदांवरच्या अधिकाऱ्याला किमान दोन वर्षं हलवू नका, बदल्या-बढत्यांसाठी खात्यातलंच मंडळ नेमा, लोकांच्या तक्रारींसाठी वेगळं प्राधिकरण करा, सरकार आणि पोलीस यांच्या मध्ये एक सुरक्षा आयोग बसवा वगैरे. महाराष्ट्राने २०१४ मध्ये आपल्या पोलीस कायद्यात त्यासाठी दुरुस्त्याही केल्या. साध्या भाषेत सांगायचं, तर हे सगळे आदेश एकाच गोष्टीसाठी आहेत. तो वरचा फोन आला तर खालच्याला 'नाही' म्हणता यावं, आणि 'नाही' म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी त्याची बदली होऊ नये.

"कागदावर ठीक आहे रे," काका म्हणाले. "पण फोन फक्त मंत्र्याचाच येतो असं वाटतं का तुला?"

आणि आपण?

लाच घेणं गुन्हा आहे, हे शेंबडं पोरही सांगेल. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही सरळ गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. कुणी जबरदस्तीने द्यायला लावली, तर सात दिवसांच्या आत कळवलंत तर सुटका आहे. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री नंबर त्यासाठीच आहे. सेव्ह करून ठेवा, उपयोगी पडेल.

पण नोटेला पावडर लावून सापळा रचता येतो. फोनला पावडर कशी लावणार?

म्हणून तर आपल्याला तो एवढा आवडतो. हात स्वच्छ राहतात. आपल्या ऑफिसातच बघा ना. अप्रेझलच्या आधी 'वरती बोलून ठेवणं', भाच्याचा सीव्ही एचआरच्या ढिगात सगळ्यात वर सरकवणं, व्हेंडरचं बिल 'आपला माणूस आहे' म्हणून लवकर काढणं. यात कुणी पैसे खाल्ले? कुणीच नाही! मीटिंगमध्ये सिस्टीमला शिव्या घालणारे आपण, स्वतःची वेळ आली की पहिला प्रश्न काय विचारतो? "तिथे कुणी ओळखीचं आहे का रे?" त्या टेबलापलीकडे एखादा वेलणकर बसला असेल, नियमाने काम करू बघत असेल, हे तेव्हा डोक्यात येत नाही. आपल्यासाठी ती मदत असते. त्याच्यासाठी तो शेट्टीचा फोन असतो.

हे लिहायला सोपं आहे. त्या दिवशी काकांच्या सोफ्यावर बसून ऐकायला सोपं नव्हतं. कारण नाकाबंदीवरचा तो पोरगा माझ्या डोळ्यांसमोर उभा होता. त्याने दोन नोटा नाकारल्या होत्या. त्याचं काम त्याने चोख केलं होतं. आणि मी एक फोन लावून त्याला त्याच्याच साहेबांपुढे खाली बघायला लावलं. पहिल्या गुन्ह्याला दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, एवढंच ना माझं झालं असतं? (आणि तशीच गाडी पुढे चालवत मी घरी गेलो, हे सोमवारच्या किश्श्यात मी कुणाला सांगितलं नव्हतं.)

"काका, त्या रात्री तुम्ही फोन का केलात?"

ते बराच वेळ टीव्हीच्या बंद स्क्रीनकडे बघत होते. "तू माझ्या भावाचा मुलगा. फोन नसता केला, तर तुझ्या बापाने आयुष्यभर ऐकवलं असतं. चाळीस वर्षांत असे किती केले, मोजलेले नाहीत. किती ऐकले, ते मात्र मोजलेत." मग थोडं थांबून म्हणाले, "मी कधी कुणाचा रुपया घेतला नाही. हे मी सगळ्यांना सांगतो. ते खरं आहे. पण तेवढंच खरं आहे."

सिनेमाचं नाव असं कुणी समजावून सांगितलं नव्हतं मला.

आता शुक्रवारी बसायचं असेल तर गाडी ऑफिसातच ठेवतो, कॅबने घरी जातो. यात मोठेपणा काही नाही. निघता निघता काकांना विचारलं, "त्या नाक्यावरच्या पोराचं पुढे काय झालं असेल? साहेबांनी काही त्रास तर दिला नसेल ना? कळेल का?"

काका चप्पल शोधत होते, मला खालपर्यंत सोडायला. वर न बघता म्हणाले,

"कळेल की. एक फोन लावावा लागेल. लावू?"

मी नको म्हणालो.